सुभेदाराची सून आणि डॉक्टर आनंदीबाई : मराठी मालिकांतील ‘आधुनिक’ व ‘पारंपरिक’ स्त्रीविषयी

१

कल्याण या गावाशी मराठी मनाने दोन स्त्रिया जोडलेल्या आहेत. पहिली सुभेदाराची सून. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, त्या प्रसंगी नजराणा म्हणून पुढे आणलेल्या या स्त्रीस महाराजांनी मातेसमान लेखून साडीचोळीनिशी परत पाठविले, ही कथा कीर्तनापासून कॅलेंडरवरील चित्रापर्यंत सर्वत्र पोचलेली आहे. तिच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे. तो वाद येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ती कथेची रचना. या कथेतील सुनेला नाव नाही आणि बोलण्यास एकही वाक्य नाही. ती सुंदर आहे, ती कोणाची तरी सून आहे, आणि तिच्याकडे पाहणाऱ्याचे शील प्रकट व्हावे एवढ्याचसाठी ती तेथे उभी आहे. दुसरी स्त्री डॉ. आनंदीबाई जोशी. माहेरची यमुना, जन्म कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी. नवव्या वर्षी विवाह, १८८३ मध्ये अमेरिकेस प्रयाण, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, आणि वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात मृत्यू. ही स्त्री बोलते. तिची पत्रे आहेत, निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे तिने केलेले भाषण आहे, प्रसूतिशास्त्रावरील तिचा प्रबंध आहे.

एक निःशब्द व आदरणीय, दुसरी बोलकी व वादग्रस्त. गेल्या पंचवीस वर्षांतील मराठी दूरचित्रवाणी मालिका पाहताना त्यांतील नायिका या दोघींपैकी कोणाची वारस आहे, असा प्रश्न मला वारंवार पडत आला. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते : पारंपरिक नायिका सुनेची वारस, आणि जिला खलनायिका ठरविले जाते ती आधुनिक स्त्री आनंदीबाईंची. परंतु प्रत्यक्षात घडते ते याहून अधिक गुंतागुंतीचे, आणि माझ्या मते अधिक चिंताजनक आहे.

मराठी समीक्षेने मालिकेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. जे लक्ष गेले ते तक्रारीच्या स्वरूपात : मालिका रटाळ असतात, लांबविल्या जातात, अभिरुचीचा ऱ्हास करतात. या तक्रारी खऱ्या असल्या तरी त्या समीक्षा नव्हेत. कीर्तन, लावणी, वगनाट्य यांच्याकडे पाहतानाही आपण प्रथम अशीच नाके मुरडली होती. ज्या कथनप्रकाराच्या एका संहितेचे तीन हजारांहून अधिक भाग एक तपाच्या काळात प्रक्षेपित होतात (‘चार दिवस सासूचे’, ई टीव्ही मराठी, २००१ ते २०१३) आणि ज्याची भाषा घराघरांतील बोलण्यात उतरते, त्याची संरचना तपासणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचेच काम आहे. ते समाजशास्त्रावर सोपवून मोकळे होता येणार नाही.

२

आधुनिक विरुद्ध पारंपरिक हे द्वंद्व भारतीय मालिकेत आरंभापासून नव्हते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘हम लोग’चा हेतू उघडच प्रबोधनाचा होता. तिच्यातील सोशिक आई, भगवंती, ही वस्तुतः ‘असे होऊ नये’ याचे उदाहरण म्हणून योजिलेली होती. पण पुढे झालेल्या प्रेक्षक-अभ्यासांतून असे आढळले की अनेक स्त्री-प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. लेखकाचा उद्देश आणि प्रेक्षकाचे वाचन यांतील ही फारकत मालिकेच्या समीक्षेने कधीही विसरू नये. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बासू चटर्जी यांच्या ‘रजनी’त प्रिया तेंडुलकर साडी नेसून, कपाळाला कुंकू लावून, गॅसच्या सिलिंडरसारख्या प्रश्नांवर व्यवस्थेशी भांडत होत्या. रजनी आधुनिक की पारंपरिक, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. विचारणे निरर्थक होते. ती नागरिक होती. मुंबई दूरदर्शनवर १९९७ मध्ये सुरू झालेली मराठी दैनंदिन मालिका ‘दामिनी’ हिची नायिका (प्रतीक्षा लोणकर) पत्रकार होती आणि तिचे क्षेत्र प्रामुख्याने घराबाहेर होते. अल्फा मराठीवरील ‘आभाळमाया’मधील (१९९९) सुधा जोशी महाविद्यालयात शिकविणारी आहे. तिच्या नवऱ्याचे अन्यत्र संबंध आहेत. पण मालिकेचे लक्ष त्या दुसऱ्या स्त्रीला शिक्षा करण्यावर केंद्रित नाही. सुधा आपल्या मुलींसह कसे जगते, तिची प्रतिष्ठा कशातून येते, हा तिचा विषय आहे. सुकन्या कुलकर्णी यांच्या अभिनयातील तो थकवा अजून आठवतो : पेपर तपासून उठलेल्या बाईचा थकवा. मराठी पडद्यावर तो त्याआधी फारसा दिसलेला नव्हता आणि नंतरही क्वचितच दिसला.

म्हणजे द्वंद्व नंतर आले. ते ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’च्या (२०००) यशानंतर हिंदीतून आले असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण मराठीत त्याची स्वतःची जुनी मुळे होती. त्यांच्याकडे पुढे वळू.

३

या द्वंद्वाचे सर्वांत ठसठशीत रूप ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (झी मराठी, २०१६ ते २०२१) या मालिकेत आढळते. मालिकेचे नावच एक कोडे आहे. बोलणारी बाई कोण? नवरा जिचा आहे ती, की जी त्याच्यावर हक्क सांगते ती? व्याकरणाने दोघींना एकाच पुरुषाच्या षष्ठीत बांधून टाकले आहे.

राधिका विदर्भातील, तिच्या बोलण्यात वऱ्हाडी-नागपुरी ढंग आहे. ती नवरा, मूल आणि स्वयंपाकघर यांत रमलेली. शनाया तरुण, महानगरी, पाश्चात्त्य पोशाखातली. गुरुनाथला ती ‘गॅरी’ म्हणते. या एका नामांतरात मालिकेने आधुनिकतेची सारी व्याख्या आटोपली आहे. आधुनिकता म्हणजे नाव आखूड करणे, ते इंग्रजी करणे, वंशाचा नि गावाचा वास त्यातून काढून टाकणे. उलट राधिकेची बोली हे मालिकेचे खरे श्रेय आहे. प्रमाण मराठीच्या रंगमंचावर वऱ्हाडी बोली दीर्घकाळ विनोदाच्या कामी आली; येथे ती नायिकेच्या प्रतिष्ठेची भाषा झाली आणि अनिता दाते यांनी ती हसण्यावारी नेऊ दिली नाही. ही बाब टीका करतानाही मान्य केली पाहिजे.

आता दोघींच्या गुणांचा ताळेबंद मांडून पाहू. आधुनिक स्त्री म्हणताच ऐतिहासिकदृष्ट्या ज्या गोष्टी अभिप्रेत असतात, म्हणजे स्वतःची कमाई, स्वतःचा निर्णय, घराबाहेरचा वावर, व्यवहारज्ञान, अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची हिंमत, त्या या मालिकेत कोणाकडे आहेत? शनायाकडे नाहीत. ती काम टाळते, पुरुषाच्या पैशावर डोळा ठेवते, आणि तिला स्वयंपाक येत नाही हा तिच्यावरील आरोप कथेत वारंवार फिरतो. हे सर्व गुण हळूहळू राधिकेकडे जातात. ती मसाल्यांचा व्यवसाय उभा करते, मोठी उद्योजिका होते, नवऱ्याला वठणीवर आणते, पुढे दुसरा विवाहही करते. म्हणजे ‘पारंपरिक’ स्त्रीच्या विजयाची ही कथा प्रत्यक्षात आधुनिक स्त्रीच्या विजयाची कथा आहे. फक्त तो विजय आधुनिक स्त्रीच्या नावावर नोंदविला जात नाही. आधुनिकतेचे सर्व सामर्थ्य काढून ते परंपरेच्या अंगावर घालायचे, आणि उरलेली रिकामी टरफले (पोशाख, इंग्रजी, खरेदी, आळस) ‘आधुनिक’ या नावाने लज्जित करायची, या क्रियेस मी गुणांचे हस्तांतरण म्हणते.

मसालाच का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. राधिका वकील होऊ शकली नसती काय, किंवा हिशेबनीस? मसाल्याच्या धंद्यात स्वयंपाकघराची भिंत मोडावी लागत नाही. ती फक्त बाजारापर्यंत लांबविता येते. कमाई होते आणि चूलही सुटत नाही. येथे मुंबईच्याच इतिहासातील एक उदाहरण आठवते. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तेथेही स्वयंपाकघरातील कौशल्य बाजारात गेले. पण लाटणारी बाई तेथे भागीदार झाली. मालिकेला सहकार दाखविता येत नाही. तिला मालकीण लागते. त्यामुळे राधिकेच्या यशात इतर बायका असतात त्या मदतनीस किंवा टाळ्या वाजविणाऱ्या शेजारणी म्हणून.

हे हस्तांतरण योगायोगाने झालेले नाही याचा पुरावा दुसऱ्या एका मालिकेत मिळतो. ‘अग्गंबाई सासूबाई’ (झी मराठी, २०१९) ही या काळातील अधिक धीट मालिका. तिच्यात नोकरी करणारी, ठामपणे बोलणारी सून शुभ्रा ही आपल्या विधवा सासूचे, आसावरीचे, दुसरे लग्न लावून देते. येथे आधुनिक आणि पारंपरिक या दोघी प्रथमच एका बाजूला उभ्या राहिल्या. निवेदिता सराफ आणि तेजश्री प्रधान यांनी हे सख्य फार संयमाने साकारले, आणि प्रौढ स्त्रीच्या पुनर्विवाहासारखा विषय रात्रीच्या जेवणाच्या वेळी दिवाणखान्यात आणला. पण २०२१ मध्ये तिचा पुढला भाग ‘अग्गंबाई सूनबाई’ आला तेव्हा काय दिसते? आसावरी आता उद्योगाची सूत्रे सांभाळणारी करारी बाई झाली आहे. आणि शुभ्रा, जिच्यामुळे हे सारे घडले ती, मूल सांभाळणारी, बुजलेली, आत्मविश्वास हरवलेली गृहिणी! जणू एका घरात आधुनिकतेचा साठा ठरलेला आहे. एकीला मिळाला की दुसरीचा कमी झालाच पाहिजे. दोन्ही स्त्रिया एकाच वेळी समर्थ असण्याची कल्पना या कथनप्रकाराला पेलत नाही, कारण मग कथा चालणार कशावर?

४

या रिकाम्या केलेल्या आधुनिक स्त्रीची वंशावळ मराठीत शोधू लागलो की थेट एकोणिसाव्या शतकाच्या रंगभूमीपाशी येऊन थांबावे लागते. नारायण बापूजी कानिटकर यांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ १८८६ ची. शिकलेली स्त्री घर बुडविते, नवऱ्याला जुमानीत नाही, नटण्यात दंग असते, हे तिचे प्रतिपाद्य. आनंदीबाईंनी वैद्यकाची पदवी घेतली ते वर्षही १८८६ च. एकीकडे कल्याणची एक मुलगी शरीर झिजवून शिकत होती, आणि त्याच वेळी पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासमोर शिकलेल्या बाईचे हे सोंग नाचत होते. प्रत्यक्षातील स्त्री जितकी कष्टाळू, तितकी तिची प्रतिमा आळशी. शनाया ही त्या नाटिकेतील तरुणीची पणती शोभते. तिच्यात काडीचाही नवेपणा नाही.

याचा अर्थ मराठी वाङ्मयाने आधुनिक स्त्रीला केवळ सोंगच मानले असा मात्र नव्हे. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (१९३३) शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातील एकाकीपणा मांडला तेव्हा केवढा गदारोळ झाला! मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ने (१९४२) अभिनय करून कमावणारी बाई कुलवधू असू शकते काय, हा प्रश्न रंगभूमीवर मांडला. (याच नावाची मालिका २००८ मध्ये आली, हे नोंदवून पुढे जाऊ, दोहोंची तुलना करण्याइतके त्या मालिकेत काही नाही.) गौरी देशपांडे यांच्या नायिका तर घर, देश, नवरा सोडून जातात आणि तरीही लेखिका त्यांना ना शिक्षा देते ना प्रशस्तिपत्र. या सर्व संहितांत आधुनिक स्त्रीला अंतरंग आहे. ती चुकते, एकटी पडते, स्वतःशी वाद घालते. मालिकेने नाकारले ते नेमके हेच. पडद्यावर शनायाला आपण कधी एकटी, विचारात पडलेली पाहतो काय? ती एकटी असते तेव्हाही कट रचीत असते. आत्मसंवादाचा अधिकार मालिकेत केवळ देव्हाऱ्यासमोर उभ्या असलेल्या स्त्रीस आहे.

पार्थ चटर्जी यांनी १९८९ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात, राष्ट्रवादी विचाराने ‘घर’ आणि ‘बाहेर’ अशी विभागणी करून स्त्रीला घराच्या, म्हणजे आत्मिक सत्त्वाच्या, रक्षणाचे काम दिले, अशी मांडणी केली. ‘नवी स्त्री’ शिकलेली असावी, पण मेमसाहेबासारखी नव्हे आणि बाजारातल्या बाईसारखीही नव्हे. मालिकांना ही मांडणी लावून पाहण्याचा मोह होतो, आणि ती बऱ्याच अंशी लागूही पडते. परंतु एक फरक राहतो. चटर्जींच्या विवेचनातील विभागणी परकीय सत्तेच्या संदर्भात उभी राहिली होती. घरात काही राखावयाचे होते कारण बाहेर काही गमावलेले होते. आजच्या मालिकेत घराबाहेर आहे तो परकीय नव्हे, तर त्याच कार्यक्रमाच्या मध्यंतरात जाहिरातींतून बोलावणारा बाजार. घराचे सत्त्व राखणारी नायिका आणि तिला नवे वॉशिंग मशीन विकणारी जाहिरात एकाच अर्ध्या तासात नांदतात. मग भोगवादाचा सारा दोष शनायाच्या माथी मारणे फार सोयीचे ठरते. तिच्या पर्सवर आपण चिडतो आणि जाहिरातीत तीच पर्स निवांत पाहतो.

५

‘आई कुठे काय करते!’ (स्टार प्रवाह, २०१९ ते २०२४) ही मालिका या चौकटीत राहूनही तिला तडा देणारी आहे, म्हणून तिचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. अरुंधतीला लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी कळते की नवऱ्याचे, अनिरुद्धचे, कार्यालयातील संजनाशी संबंध आहेत. तिचा घटस्फोट, गाण्याकडे वळणे, स्वतःच्या पायावर उभे राहणे, पुढे आशुतोषशी विवाह, असा प्रवास मालिका मांडते. येथपर्यंत सारे गुणांच्या हस्तांतरणाच्या नियमाबरहुकूम आहे : साडीतली गृहिणी आधुनिक होत जाते. पण संजनाच्या बाबतीत मालिका एक अनपेक्षित गोष्ट करून बसते. अनिरुद्धशी लग्न करून ती ‘समृद्धी’ बंगल्यात येते तेव्हा ती अधिकारपदावरील स्त्री राहात नाही. ती त्या घरची सून होते. सकाळचा चहा, सासूची पथ्ये, मुलांचे डबे यांच्या मापाने तिला मोजले जाते, आणि प्रत्येक माप अरुंधतीचे असते. रूपाली भोसले यांनी या स्थित्यंतरातला चडफडाट नेमका पकडला आहे. कालपर्यंत जी ‘दुसरी बाई’ होती ती आज अरुंधतीच्याच ओट्यापाशी, त्याच पुरुषाची, त्याच तऱ्हेची वाट पाहात उभी आहे.

या ठिकाणी, संहितेच्या कर्त्यांना अभिप्रेत असो वा नसो, आधुनिक आणि पारंपरिक हे दोन स्वभाव नसून एका जागेची दोन अंगे आहेत, हे उघडे पडते. स्वयंपाकघर हे पद आहे; बाई बदलली तरी पद बदलत नाही. सबंध मालिकेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, अरुंधतीची भाषणे नव्हेत. अरुंधतीची भाषणे चांगली लिहिलेली आहेत, मुग्धा गोडबोले यांच्या संवादांत घरगुती मराठीचा सच्चा नाद आहे; पण त्या भाषणांत मालिका स्वतःच स्वतःला टाळी देते. संजनाच्या दृश्यांत ती स्वतःला विसरते, आणि म्हणून खरे बोलून जाते.

अर्थात ती तेथे टिकत नाही, आणि त्याचे कारण स्वरूपगत आहे. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ची नोरा (१८७९) दार लावून निघून जाते आणि पडदा पडतो. नाटकाला हे शक्य आहे, कारण नाटक संपते. मालिकेला उद्या साडेसात वाजता पुन्हा यावयाचे असते. जे दार आपटून नायिका बाहेर पडली, त्याच दारातून तिने पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी बारशासाठी, आजारपणासाठी, गणपतीसाठी आत येणे भाग असते. घर सोडल्यावरही अरुंधतीला कथा पुनःपुन्हा ‘समृद्धी’च्या दिवाणखान्यात आणून उभी करते ती याचमुळे. टानिया मॉडलेस्की यांनी १९८२ मध्ये अमेरिकन ‘सोप’संबंधी लिहिताना हा प्रकार म्हणजे न संपणारा मध्य आहे, आणि त्याची प्रेक्षक म्हणजे सर्वांची दुःखे समजून घेणारी, पण कशातच हस्तक्षेप करू न शकणारी आदर्श माता असते, असे दाखवून दिले होते. आपल्याकडे ती माता पडद्याच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही. त्याच विवेचनात त्यांनी खलनायिकेचा विचार केला आहे : प्रेक्षक-स्त्री जिचा द्वेष करते तिच्याच ठायी तिचा स्वतःचा दडपलेला संताप वाहत असतो. शनाया साकारणाऱ्या नटीला मिळालेली लोकप्रियता नैतिक तिरस्कारातून आली असेल, असे मला तरी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. अरुंधती मूळची मराठी नाही. ही मालिका स्टार जलसावरील बंगाली ‘श्रीमोयी’वरून (२०१९) बेतलेली; हिंदीतील ‘अनुपमा’ (२०२०) हे तिचेच भावंड. एकच गृहिणी, एकच नवरा, एकच दुसरी बाई, आणि भाषेगणिक पदार्थ, दागिने व सण तेवढे बदललेले. ज्या ‘परंपरे’चे रक्षण नायिका करते ती परंपराच आता प्रांताप्रांतांत परवान्याने दिली-घेतली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे मंगळसूत्रावर स्थिरावणाऱ्या कॅमेऱ्याचा अर्थ पालटतो.

६

आनंदीबाईंकडे परत येऊ. ऐतिहासिक स्त्रीचरित्रांवरील मालिकांत ‘उंच माझा झोका’ (झी मराठी, २०१२–१३) ही रमाबाई रानड्यांवरील मालिका निःसंशय चांगली. तिच्यात वाड्यातील बायकांचा विरोध, चोरून केलेला अभ्यास, न्यायमूर्तींची शांत चिकाटी हे सारे येते. तरी तिच्या लोकप्रियतेचे एक कारण सोयीचे होते : रमाबाईंची आधुनिकता ही पतीची आज्ञा आहे. शिकणे हाच पातिव्रत्याचा भाग ठरला की प्रेक्षकाला निवड करावी लागत नाही. आनंदीबाईंच्या चरित्रात ही सोय नाही. गोपाळरावांचा आग्रह हा मायेचा जसा होता तसा हिंसेचाही होता, आणि १८७८ मध्ये दहा दिवसांचे मूल गेल्यानंतर वैद्यक शिकण्याच्या निश्चयाला आलेली धार ही कोणाच्या आज्ञेतून आलेली नव्हती. समीर विद्वांस यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या चित्रपटाने (२०१९) त्यातील काही भाग प्रामाणिकपणे मांडला. तो चित्रपट आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका एकाच उद्योगसमूहाची, एकाच काळातील निर्मिती. चित्रपटगृहात शिकलेल्या स्त्रीसाठी डोळे पुसावयाचे आणि घरी येऊन तिच्यावर हसावयाचे, अशी ती विभागणी होती.

पोशाखाच्या प्रश्नावर आनंदीबाईंचे चरित्र मालिकांना जे शिकवू शकले असते ते त्यांनी घेतले नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी श्रीरामपुरी जाहीरपणे सांगितले होते. अमेरिकेतील थंडीत नऊवारी पुरेना, तेव्हा साडी नेसण्याची तऱ्हा बदलावी की नाही याची चर्चा पती-पत्नींच्या पत्रव्यवहारात होते. म्हणजे त्यांच्या बाबतीत साडी ही सिद्ध झालेली खूण नव्हती. ती रोज करावी लागणारी तडजोड होती, प्रकृतीशी, नवऱ्याशी, समाजाशी आणि स्वतःशी. मालिकेत साडी म्हणजे निकाल आहे. नायिका पडद्यावर येताच काठपदरावरून तो लागतो.

माझ्या पदव्युत्तर वर्गात दोन वर्षांपूर्वी या विषयावर बोलताना मी शनायाला ‘आधुनिक’ म्हटले, तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, ती आधुनिक कुठे आहे? ती तर लग्न करून श्रीमंत व्हायला निघालीय. ते माझी आजीपण करू बघत होती.” वर्ग हसला. मला मात्र माझ्या परिभाषेचीच लाज वाटली. मालिकेने दिलेली नावे आम्ही समीक्षकांनी किती निमूटपणे उचलली होती! पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील निम्नमध्यमवर्गीय स्त्रियांसोबत दूरदर्शन पाहून केलेल्या अभ्यासात (१९९९) प्रेक्षक-स्त्रिया संहितेशी वाद घालीतच ती पाहतात, हे दाखविले होते. तरीही या मुलीच्या उत्तराने सगळे सुटले असे मी समजत नाही. तीच मुलगी मौखिक परीक्षेला साडी नेसून आली, आणि का, असे विचारता ‘बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना बरं वाटतं’ एवढेच म्हणाली.

कल्याणहून मुंबईस नोकरीसाठी जाणारी बाई रोज पन्नासांहून अधिक किलोमीटर जाते आणि तितकीच परत येते. महिलांच्या डब्यात ती भाजी निवडते, हप्त्याचा हिशेब करते, भांडते, झोपते. तिच्या एका दिवसात परंपरा आणि आधुनिकता यांची जी ओढाताण आहे ती शंभर भागांना पुरावी. मराठी मालिकेत ती जवळजवळ नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’मधील (२०१३) जान्हवी बँकेत नोकरी करते खरी, पण कथेचा श्वास सहा सासवांच्या घरातच अडकलेला राहतो. मालिकेतील नायिका गर्दीतून प्रवास करीत नाही. ती दारात प्रकट होते. बंगला असतो, जिना असतो, त्यावरून उतरणे असते. एक खोली-स्वयंपाकघराच्या घरात बसून हे बंगले पाहणाऱ्या प्रेक्षकाला ती भूल हवी असते, असे निर्माते सांगतात. असेल. पण गाडीतून उतरून, रिक्षाच्या रांगेत उभे राहून, घरी पोचेतो साडेसात-आठचा प्रहर उलटून जातो, आणि मालिका जिच्यासाठी म्हणून केली जाते ती बाई बहुधा त्या वेळी पडद्यासमोर नसते.

अलीकडे ती भ्रमणध्वनीवर पाहते. गेल्या पावसाळ्यात ठाण्यानंतर माझ्या समोरच्या बाकावर एक चाळिशीची बाई कानात तारा घालून ‘आई कुठे काय करते!’चा जुना भाग पाहात होती. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. अरुंधती काहीतरी ठणकावून सांगत होती हे चेहऱ्यावरून कळत होते. डोंबिवलीला गर्दी अंगावर आली. बाईने भाग तेथेच थांबविला, फोन ब्लाउजमध्ये खोचला, आणि दाराशी उभ्या असलेल्या एका मुलीला मोठ्याने म्हणाली, “आत ये गं, पडशील.”